मागच्या दारावरची पट्टी

पांढरी गाडी घेऊन परंड्यात राहायचं म्हणजे हौसेनं डोक्याला ताप लावून घ्यायचा. त्यातून आमच्या वडिलांना, तात्यांना, गुटख्याची सवय. मालकानं मागंच बसायचं असतं म्हणून ते पुढं बसायचे न्हाईत, आणि काच खाली करून खुशाल पिचकारी मारायचे. वाऱ्यानं ती निम्मी दारावरच यायची. काचेखाली तांबडे ओघळ, त्यात सुपारीचा चोथा, वर धूळ बसून धरलेली खपली. दर शनिवारी ते मलाच धुवावं लागायचं. फडकं कितीही पिळलं तरी त्याचा तो गोडूस वास जायचा न्हाय आणि नंतर जेवणावर वासना राहायची न्हाय. बापाची झाली म्हणून काय, थुंकी ती थुंकीच.

पुढं तात्यांचं तोंड उघडेनासं झालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी बोटं एकावर एक धरून तोंडात घालून पाहिली, तीन जायला पाहिजेत तिथं दोनच गेली. आता पुडी बंद, न्हायतर कॅन्सर ठेवलेलाच आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोन बोटंही जाईनाशी झाली तर त्याच दिवशी निघून या म्हणाले. आईनं तात्यांना थेट सोनारीला नेलं. भैरवनाथापुढं त्यांना पुडी ठेवायला लावली. तुम्ही पुडी सोडा, मी चहा सोडते, असं ती तिथंच बोलली. चहाशिवाय जिचे डोळे उघडत नव्हते ती बाई, पण तिनं खरंच सोडला.

तेव्हापासून दार स्वच्छ राहायला लागलं. मला लई बरं वाटलं. त्या आनंदात मी गाडी सावलीत उभी करून अख्ख्या गाडीला वॅक्स लावलं, मऊ फडक्यानं पुसून काढलं. वॅक्स बसलं की पाणी पत्र्यावर पसरत न्हाय, त्याचे थेंब होऊन घरंगळतात. ते बघत बसायचं मला वेडच लागलं होतं.

गेल्या शनिवारी पाणी मारलं. टपावर थेंब, बॉनेटवर थेंब, दारांवर थेंब. फक्त तात्यांच्या काचेखाली तळहाताएवढ्या पट्टीत पाणी सपाट पसरलं. हात फिरवला तर खरखरीत. उन्हात वाकून पाहिलं तर गोल गोल चरे. काचेच्या रबरात नख घातलं आणि नाकाशी नेलं. तोच गोडूस वास.

मग सगळं ध्यानात आलं. शेतात मी विहिरीची मोटर चालू करायला जातो, तात्या गाडीतच बसतात. तेवढ्यात पुडी खायची, थुंकायचं आणि गुरांच्या कोठ्यातली भांड्यांची तारेची घासणी मातीत बुडवून दार घासायचं. वॅक्स गेलं, रंगाची चमक गेली. मला त्या ओघळांची आली नव्हती एवढी किळस या स्वच्छपणाची आली. ओघळ निदान उघड्यावर तरी होते.

तात्या अंगणातच बाजेवर बसले होते. देवापुढं ठेवलेली पुडी परत कधी उचलली, असं मी विचारलं. त्यांनी आधी घराच्या दाराकडं पाहिलं.

"तुझ्या आईला सांगू नको," ते म्हणाले. "माझ्यापायी तिनं चहा सोडलाय."

"तोंड उघडा, तात्या."

त्यांनी उघडलं, उघडेल तेवढं. मी साबणानं हात धुतले आणि बोटं लावली. दोन गेली न्हाईत. एकच घातलं, तेही दाताला घासत गेलं. आतनं असा भपकारा आला की मी तोंड फिरवलं.

एवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. एकच कप, माझा. मी तो तिच्याच हातात परत दिला.

"तू घे, आई."

तिनं एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा गाडीच्या दाराकडं. मग कप पायरीवर ठेवला आणि सोलापूरच्या दवाखान्याच्या कागदांची पिशवी काढायला आत गेली.