भिंगरीचं वळण

“जाकीट घालणार असाल तर बसा, बाबा. नाहीतर वाळूत पाय पसरून मजा बघा. देव आला तरी जाकिटाशिवाय माझ्या केळ्यावर बसत नाही.”

“मला जाकीट? अगं, चालायच्या आधी पोहलोय मी! तुझ्या आज्यानं मला पाण्यात फेकलं आणि स्वतः काठावर पाठ खाजवत उभा राहिला.”

“तुमचं नशीब, वर आलात. माझं काम नशिबावर चालत नाही. वन्सं, आवळा पट्टे.”

वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. किनाऱ्यावर गिऱ्हाइकांना जाकिटं चढवायचं काम तिच्याकडे, आणि अंगानं चांगली दांडगी. तिनं म्हाताऱ्याला पाठमोरं फिरवलं, “मामा, पोट आत,” म्हणाली आणि बिछान्याची वळकटी बांधावी तसे पट्टे खेचले. म्हाताऱ्याचा श्वास आणि शिवी दोन्ही मध्येच अडकले.

पोरीला सगळा किनारा भिंगरी म्हणतो. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त बँकेत चालतं. धंदा म्हणाल तर असा, की पुढं हिची वेगाची बोट, मागं लांबलचक दोर, आणि दोराला बांधलेलं फुगवलेलं पिवळं रबरी केळं. त्यावर सुट्टीला आलेली माणसं घोड्यावर बसल्यासारखी एकामागं एक बसतात. बोट सुटली की लाटांवरून उडत, आदळत, किंचाळत जातात. आणि फेरी संपताना भिंगरी असं एक वळण घेते, की सगळी वरात पाण्यात. एवढ्यासाठीच तर लोक येतात. एखाद्या फेरीत पाडलं नाही तर भांडायला उठतात, “आम्ही काय पाप केलं?” म्हणून.

बापाला हे पटणं शक्यच नव्हतं. त्याचा जन्म मासेमारीत गेलेला, आणि त्याची एकच फुशारकी होती. “माझ्या होडीतून माणूस सोडा, तांब्यासुद्धा कधी पाण्यात पडला नाही.” जाळी आवरल्यावर त्यानं होडी विकून ही बोट घेतली आणि लेकीला म्हणाला, “चालव तू. पुढचं पुढं बघू.” ते ‘पुढचं’ तिच्या डोक्यावर टांगलेलंच होतं. आता धाकट्या भावाला बोट हवी होती, पलीकडच्या बेटावर सामान पोचवायला. पोत्यांना पाडायचं नसतं, एवढं बापाला पुरे होतं. त्यात बाजारात कुणीतरी त्याला डिवचलं, “तुमची लेक म्हणे माणसं बुडवायचे पैसे घेते!” म्हाताऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सकाळीच दारात येऊन बसला. “संध्याकाळी चावी घेऊन जाणार.”

भिंगरीचा नवरा किनाऱ्यावर छत्र्या भाड्यानं देतो, पण तेही उन्हाळ्यापुरतं. घर चालतं ते या बोटीवर. पण तेही सोडा. सुकाणू हातात आलं की तिला जे वाटतं ते तिला दुसऱ्या कशातच वाटत नाही. दिवसभर माणसं हसवायची आणि वर पैसे घ्यायचे, असं काम कुणाला मिळतं? पण रडून बोट राखण्यातली ती नव्हे. म्हणाली, “न्या. पण आधी एकदा केळ्यावर बसा. पाण्यात न पडता नावं ठेवायची नाहीत.”

“मी? पडणार?” म्हातारा हसला. “तू पाडून तर दाखव.”

झालं. ही पैज नव्हती, पण पैजेपेक्षा कमीही नव्हती.

केळ्यावर सगळ्यात पुढं बाप बसला. मागं एक कापडदुकानदार, त्याची बायको, दोन मेहुण्या आणि त्याची म्हातारी आई. आई सगळ्यात उत्साही. “ए बाई, जोरात पाड हं,” ती ओरडली, “माझ्या सुनेला आधी!” सून म्हणाली, “आत्या, तुम्ही शेवटी बसलात, पहिल्या तुम्हीच जाणार!”

बोट सुटली. आज ऊन असं लख्ख होतं की तळाची वाळू दिसत होती. भिंगरीनं दोन मोठ्या फेऱ्या मारल्या, लाटांवरून केळं उडवलं. मेहुण्यांचा गळा बसायची वेळ आली. मग तिनं खडक टाळून, खाली नुसती वाळू असलेल्या तिच्या नेहमीच्या जागेवर बोट आणली आणि झपकन डावीकडं वळवली.

केळं उलटलं नाही.

बाप डावीकडं झुकला होता. मनानं नव्हे, अंगानं. होडी कलली की भार वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. तो झुकला तसे त्याच्या मागं धरून बसलेले पाचही जण झुकले, आणि केळं शहाण्या बैलासारखं सरळ चालत राहिलं.

“अहो आजोबा, काय करताय!” दुकानदार ओरडला. “आम्हाला पडायचंय!”

“पडा की! मी कुठं धरलंय?”

भिंगरीनं उजवीकडं वळवून पाहिलं. म्हातारा उजवीकडं. पुन्हा डावीकडं, आणखी करकचून. म्हातारा पुन्हा तिकडंच, आणि आता तर गाल फुगवून हसत होता. किनाऱ्यावर लोक जमले. वन्सं शिट्टी फुंकायची विसरून नाचायला लागली. “मामा, पडा ना! लाज काढताय!” कुणी म्हाताऱ्याच्या बाजूनं, कुणी भिंगरीच्या.

लहानपणी ती याच बापाच्या होडीत मागं बसायची. सुकाणूला हात लावायची सोय नव्हती. “हे लाटणं नाही,” म्हणायचा. मग ती नुसती त्याची पाठ बघायची. होडी वळायच्या जरा आधी त्याचा एक खांदा खाली जायचा, आणि मग अंग. तोंडापेक्षा त्याची पाठच तिला जास्त पाठ झालेली. आज खांदे समोरून दिसत होते, एवढाच काय तो फरक.

तिनं डावीकडं वळण घ्यायला सुरुवात केली, पण मान वळवून नजर त्याच्या खांद्यावर. खांदा गेला. अंग गेलं. मागची पाचही अंगं गेली. आणि त्याच क्षणी तिनं सुकाणू उलट फिरवलं, सपकन उजवीकडं.

म्हातारा स्वतःच्याच वजनानं गेला. मागोमाग दुकानदार, मेहुण्या, सासू, सून, भाजीची पाटी उलटी व्हावी तसे सगळे. एवढं मोठं पाणी उडालं की किनाऱ्यावरच्या पोराबाळांनी टाळ्या पिटल्या.

म्हातारा वर आला तेव्हा तोंडातलं खारं पाणी आणि शिवी बरोबरच बाहेर पडली. मग त्यानं मान वळवली. बोट जवळ नव्हती, दोराच्या टोकाला पलीकडं गप्प उभी होती. पाण्यातल्या कुणाला लागू नये म्हणून बोटीखालचा पंखा थांबवलेला. लेक बोटीत उभी, त्याच्याकडं बघतही नव्हती. हाताचं बोट नाचवत डोकी मोजत होती. “एक, दोन, आजीबाई तीन, चार, पाच…” शेवटी त्याच्यावर बोट आलं. “सहा. सगळे वर.” तेव्हा कुठं ती हसली.

“इंजिन कधी बंद केलंस?” त्यानं पाण्यातूनच विचारलं.

“तुम्ही हवेत होतात तेव्हा.”

म्हाताऱ्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, आणि जाकिटामुळं बुडताही येईना म्हणून तो बुचासारखा हसत हलत राहिला. दुकानदाराची आई त्याच्या शेजारी पोहत आली आणि म्हणाली, “काय हो, मजा आली की नाही? मी तर सुनेच्या आधी पडले!”

“आली,” म्हातारा म्हणाला. एवढं कबूल करायला त्याला जड गेलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

किनाऱ्यावर वन्सं जाकीट सोडवायला लागली तर त्यानं तिचा हात बाजूला केला. भिंगरी बोट दोरीनं बांधत होती. चावी अजून इंजिनातच होती. तिनं ती काढली आणि बापापुढं धरली.

“ही कशाला?” बाप म्हणाला.

“संध्याकाळी न्यायची म्हणाला होतात.”

“धाकट्याला सांगतो, पोती वाहायची तर दुसरी बोट बघ. माणसं पाडायला अक्कल लागते.” मग आवाज चढवून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा, “पण फसवून पाडलंस! डावीकडं दाखवून उजवीकडं! आता पुन्हा बसतो. या वेळी जमतंय का बघू.”

“बसा की. पण रांगेत.”

“रांगेत? बाप आहे मी तुझा!”

“म्हणून तर रांगेत. नाहीतर लोक म्हणतील, घरच्यांचं आधी करते.”

वन्सं खिदळली. म्हातारा पुटपुटत, जाकिटाचे पट्टे स्वतःच आवळत, सुट्टीवर आलेल्या एका कॉलेजच्या घोळक्यामागं जाऊन उभा राहिला. पुढच्या मुलानं विचारलं, “आजोबा, पहिल्यांदाच?”

“दुसऱ्यांदा,” म्हातारा ऐटीत म्हणाला. “डावीकडं वळली तर झुकू नका. फसवते.”

भिंगरीनं ते ऐकलं. आता तिला नवी युक्ती शोधावी लागणार होती. तिनं दोर ओढून गाठ तपासली, केळ्यावरची वाळू झटकली, चावी फिरवली. इंजिनानं घसा खाकरला.

“चला, पुढची खेप! जाकीट घट्ट! चष्मे वन्संकडं द्या. आणि तुम्ही, टोपीवाले, टोपीचा मोह सोडा, ती परत येत नाही.”