भुवयांतला कापूस

गेल्या रविवारी सकाळी मी धायरीहून हडपसरला गेलो, ते निव्वळ जळफळाट म्हणून. गळ्यात कॅमेरा होता आणि डोक्यात मंजिरी.

मंजिरी माझ्या ऑफिसमधली. दोन वर्षांपूर्वी तिनं कॅमेरा घेतला, तेव्हा अॅपर्चर म्हणजे काय हे तिला मी शिकवलं. कँटीनमध्ये, स्वतःचा चहा गार करून...

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपनं प्रदर्शन भरवलं होतं. विषय होता कष्टकरी म्हातारी माणसं. मंजिरीनं हडपसरच्या एका गादीवाल्या चाचांचा फोटो लावला, ब्लॅक अँड व्हाइट, जवळून घेतलेला चेहरा. पांढऱ्याशुभ्र भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि खालून सरळ बघणारे डोळे. पहिलं बक्षीस.

माझी भाजीवाली आजी बाथरूमच्या वाटेवर टांगली होती. लोक तिच्यासमोर थांबायचे, पण ती रांग वेगळ्या कारणासाठी होती.

नंतर मंजिरीनं तो फोटो फेसबुकवर टाकला. खाली कमेंट्सचा पाऊस. ‘त्या भुवयांत अख्खं आयुष्य दिसतंय’ असं एकानं लिहिलं आणि त्यालाच ऐंशी लाइक्स. माझ्या बायकोनंही बदाम पाठवला. माझ्या आजीला तिनं अंगठा दिला होता.

मग मी ठरवलं, त्याच चाचांचा फोटो काढायचा आणि हिच्यापेक्षा भारी काढायचा. लेन्स तर माझीच चांगली आहे. मंजिरीकडे पत्ता मागितला, तर तिनं लगेच लोकेशन पाठवलं, वर ‘चाचींचा चहा घेतल्याशिवाय येऊ नकोस’ असंही लिहिलं. जरा तरी आढेवेढे घ्यायचे ना...

बाजाराच्या मागच्या गल्लीत दुकान. पुढे गाद्या-उशांचा ढीग, आत कापूस पिंजायचं मशीन धडधडत होतं, आणि मागे चाचांचं घर. आत इतका कापूस उडत होता की मला फक्त एक पाठ दिसली. मी बाहेरूनच ओरडून सांगितलं, मंजिरीचा मित्र आहे, फोटो काढायचाय.

मशीन बंद झालं. पाठ न वळवताच चाचा म्हणाले, “बसा साहेब. जरा तोंड धुऊन येतो.”

दहा मिनिटांनी आले ते इस्त्रीचा कुर्ता घालून, केसांना तेल लावून. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबलोच. भुवया काळ्या होत्या! म्हणजे अधूनमधून करड्या, पण पांढऱ्या अजिबात नाहीत. वयानं दहा वर्षं लहान दिसत होते चाचा, एखाद्या बँकेतून रिटायर झाल्यासारखे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंजिरीच्या फोटोतलं ते ‘अख्खं आयुष्य’ म्हणजे भुवयांत अडकलेला कापूस होता.

खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. चाचांचे चार-पाच फोटो उरकले. ते हात मांडीवर ठेवून आधार कार्डाला बसतात तसे बसले होते, पण मला त्याचं काही नव्हतं. मी मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे मंजिरीच्या फोटोखाली टाइप केलं, ‘मंडळी, त्या भुवया पिकलेल्या नाहीत. कापूस आहे तो. हडपसरला येऊन खात्री करा.’

पोस्ट करणार, तेवढ्यात चाची चहा घेऊन आल्या. माझ्या पोटात ते राहीना. हसत हसत त्यांना सांगून टाकलं, की लोक कापसालाच म्हातारपण समजलेत.

चाची हसल्या नाहीत. पदराला हात पुसून आत गेल्या आणि तोच फोटो घेऊन आल्या. मंजिरीनं प्रिंट करून दिला होता. त्यांच्याकडे माणसांचे फोटो भिंतीवर लावत नाहीत, म्हणून चाचींनी तो कपाटात, आपल्या चांगल्या साडीच्या घडीत ठेवला होता.

“बेटा, आत्ता धुऊन आले ना, ते तोंड पाहुण्यांसाठी,” त्या म्हणाल्या. “मी बेचाळीस वर्षं हे बघते. दिवसभराचं काम संपवून दारात असेच उभे राहतात. असा फोटो आमच्याकडे एकपण नव्हता.”

मी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

चाचांनी मग सांगितलं, की मंजिरी पहिल्यांदा आली ती घरची जुनी गादी घेऊन. कापूस पिंजून होईपर्यंत नाकाला ओढणी लावून, खोकत आतच बसली. मग उशा घेऊन आली. तिसऱ्या खेपेला तिनं कॅमेरा काढला. चाचा तेव्हाही तोंड धुवायला उठले होते, पण तिनं उठू दिलं नाही, काम चालू दे म्हणाली. आणि मी? मी रस्त्यावरून ओरडलो होतो.

टाइप केलेली कमेंट रिक्षात बसल्यावर पुसली. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही, कापूस खरा असला तरी ती खोटी ठरली होती एवढंच.

काल माझ्या फोटोची प्रिंट चाचींना नेऊन दिली, चांगल्या कागदावर. त्यांनी मनापासून बघितली, “छान आलाय” म्हणाल्या आणि फ्रिजवर ठेवली. लाइटच्या बिलाशेजारी.

तर मंजिरी, तुझा फोटो चांगला आहे. हे लिहायला मला आठवडा लागला, तेवढं समजून घे. तुझ्या बक्षिसावर मी आता जळत नाही.

त्या साडीच्या घडीवर मात्र जळतो.