उलट्या फेऱ्यांचा रुमाल

कोणी हातानं विणलेली वस्तू भेट आणली की मी ती आधी उलटी करून पाहते. माझ्या सुना हसतात. "झाली सासूबाईंची झडती सुरू," म्हणतात. हसू देत बापड्या. मी संशयी आहे आणि ही खोड मला लग्नाच्या आधीपासूनची आहे. पण या खोडीनं एकदा माझी चांगलीच खोड मोडली, ते मी सुनांना कधी सांगितलं नाही.

वडील जंगल खात्यात नाकेदार होते, आम्ही गोंडपिपरीला राहत होतो. आमच्या घरामागे बांगड्या विकणाऱ्यांचं मुसलमान घर होतं. तिथल्या चाचीनं मला क्रोशा शिकवला. मी डावरी. आईनं रागावून, चिमटे काढून माझं जेवण उजव्या हातावर आणलं, लिहिणं आणलं, पण सुई काही उजव्या हातात टिकेना. चाचीनं त्यावर युक्ती काढली. ती म्हणायची, "बेटी, माह्या समोर बस. बाजूले नको बसू, मांगं तर बिलकुल नको बसू." समोर बसलं की तिचा उजवा हात आणि माझा डावा हात एकाच बाजूला यायचे, आरशात पाहावं तसे. तिचं पाहून मी डाव्यानं करायची आणि टाका बरोबर पडायचा.

फक्त एक व्हायचं. सगळ्या बायांच्या रुमालाचे फेरे एकीकडे वळायचे आणि माझे दुसरीकडे, घड्याळाच्या काट्यासारखे. सहज पाहणाऱ्याला कळायचं नाही, पण विणणारीला लगेच कळायचं. चाची म्हणायची, माझ्या रुमालावर नाव घालायची गरजच नाही. हे मी फार मनावर घेतलं.

माझा सगळ्यात चांगला रुमाल सीताफळांचा होता. खरं तर तो नमुना अननसाचा, पण अननस ना चाचीनं पाहिलं होतं ना मी. जंगलात सीताफळं ढिगानं, म्हणून आम्ही सीताफळ म्हणायचो. गोलात आठ सीताफळं, पांढऱ्याशुभ्र दोऱ्याची. वडिलांनी जिल्ह्याच्या गावाहून, चांद्याहून, रीळ आणलं होतं. सहा महिने मी त्या रुमालात डोकं घालून होते.

आणि तो रुमाल गावभर फिरला! तेव्हा मुलगी पाहायला पाहुणे आले की तिच्या हातचं काम मांडून ठेवत. पोह्यांच्या ताटावर एक रुमाल, फळीवर दुसरा, दारावर तोरण. मुलीच्या आईनं म्हणायचं, "हे सारं पोरीनंच केलं." निम्मं सामान शेजारून मागून आणलेलं असायचं. मागायला कोणी लाजत नसे आणि द्यायला कोणी नाही म्हणत नसे. आई माझा रुमाल उचलून देऊन मोकळी व्हायची. मी चिडले की म्हणायची, "रुमाल का झिजते व? कोणाच्या पोरीचं बरं होऊन राह्यलं तर होऊ दे."

शेजारच्या मुलीला चांद्याचे लोक पाहायला आले, तेव्हाही तो गेला. त्या मुलीला क्रोशातली साखळीसुद्धा घालता येत नव्हती. लग्न जुळलं. रुमाल परत आला तो एका सीताफळावर चहाचा डाग घेऊन. मी रिठ्यानं धुतला, उन्हात घातला, डाग काही हलला नाही. त्या मुलीचं लग्न लागलं तेव्हा मी अक्षता टाकल्या, पण मनात तो डागच होता.

दोन वर्षांनी त्याच घरून मला निरोप आला, धाकट्या मुलासाठी. माझं नाव सुचवलं होतं शेजारच्या त्याच मुलीनं, म्हणजे होणाऱ्या जाऊबाईंनी. आई तर हरखून गेली. मी मात्र विचारात पडले. हिला माझा एवढा पुळका काऊन आला? मग तिच्या आईच्याच बोलण्यातून कळलं, की तिची सासू दोन वर्षं तिच्यामागे लागली होती, तसाच एक रुमाल आपल्या घरी कर म्हणून. आज डोळे दुखतात, उद्या दोरा मिळत नाही, असं करत तिनं दिवस काढले होते. मला सगळं उलगडलं. हिला जाऊ नको होती, हिला विणणारी पाहिजे होती. सासूसाठी रुमाल मी करायचे आणि मिरवायचं हिनं!

पाहुणे यायच्या दिवशी आईनं ताटावर साधा चौकोनी रुमाल घातला. आई भोळी नव्हती, सीताफळांचा रुमाल तिनं मुद्दाम पेटीत ठेवला होता. ती चहा करायला वळली आणि मी रुमाल बदलला. चुकून नाही, जाणूनबुजून. माझं लग्न मोडेल, ही भीती होतीच. पण माझं काम दुसरीच्या नावावर राहील, हे मला त्याहून सोसवत नव्हतं.

सासूबाई बसल्या. मागे जाऊबाई, डोक्यावरून पदर. सासूबाईंनी ताट पुढे ओढलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी डागावर बोट ठेवलं.

"हा चहा माह्याच हातून सांडला होता," त्या म्हणाल्या. "त्या घरी. हा रुमाल इथी कसा?"

जाऊबाईंची मान इतकी खाली गेली, की मला तिचं तोंडच दिसेना.

"मी केला," मी म्हटलं.

"तिथीबी असंच सांगतलं होतं." त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलंही नाही. "दोरा आण. माह्यासमोर दोन फेरे करून दाखव."

मी सुई घेतली. आई डोळ्यांनी विनवत होती, उजव्या हातात धर म्हणून. डावरी सून कोण पसंत करतं? आणि जाऊबाईंनी मान वर केली, एकदाच. तीही विनवत होती, पण वेगळंच. उजव्या हातानं मी अडखळले असते तर ती वाचली असती. मला ते कळलं. कळूनही मी सुई डाव्या हातात घेतली आणि भराभर दोन फेरे केले.

सासूबाईंनी ते फेरे मोठ्या रुमालाशेजारी धरले, वळण पाहिलं. मग म्हणाल्या, "डावरी आहे, पण खोटी नाई."

बोलल्या माझ्याबद्दल, पाहत होत्या जाऊबाईंकडे. लग्न ठरलं.

त्या घरात गेल्यावर मला मान मिळाला. कपाटाची चावी थोरलीला सोडून मला मिळाली. जाऊबाई काही म्हणाल्या म्हणजे सासूबाई माझ्याकडे वळून विचारत, "खरं का व?" मला गुदगुल्या व्हायच्या. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

जाऊबाई माझ्याशी गोड बोलायच्या, आणि गोड बोलतात म्हणून मला जास्त संशय यायचा. ताकाचा पेला दिला तरी मी आधी वास घेऊन पाहायची. दुपारी मी ओसरीच्या पायरीवर विणायला बसले, की त्या सूप घेऊन तांदूळ निवडायला समोर यायच्या आणि त्यांचे डोळे तांदळावर नसायचे. माझ्या बोटांवर असायचे. माझा नमुना चोरते काय, म्हणून मी सरळ पाठ फिरवून बसू लागले. मग त्या माझ्या मागे, ओसरीच्या उंच कडेला बसू लागल्या. बस म्हटलं, तिथून काय डोंबल दिसणार आहे!

एक दिवस माझी जादा सुई हरवली. मी घर पालथं घातलं. त्यानंतर रिळाला गाठ मारून ठेवू लागले, कोणी दोरा काढला तर कळावं म्हणून. गाठ कधी सुटलेली दिसली नाही, तरी संशय गेला नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि मला सातवा महिना लागला. ओटी भरायला आळीतल्या बाया जमल्या. जाऊबाई ओटीचं ताट घेऊन आल्या. ताटावर रुमाल होता, पांढराशुभ्र, आठ सीताफळांचा. फेरे घड्याळाच्या काट्यासारखे.

माझं डोकंच फिरलं. त्या घरात डावरी मी एकटी. "हा माझा रुमाल आहे," मी सगळ्यांदेखत ओरडले. "माझ्या पेटीतून काढला! सुईपण हिनंच नेली. हिची सवय कुठं जाते!"

सासूबाईंनी जाऊबाईंचं मनगट धरलं. "पुन्हा?" एवढंच म्हणाल्या.

मी सात महिन्यांचं पोट घेऊन तरातरा आत गेले, चोरी दाखवायला. पेटी उघडली. वरच माझा रुमाल होता. डागासकट.

तो हातात घेऊन मी तिथंच खाली बसले. मला चाचीचा आवाज आठवला, मांगं तर बिलकुल नको बसू. समोरून पाहून ती उजव्या हातानं सहज शिकली असती. मी पाठ केली. मागून माझा डावा हात म्हणजे तिचाही डावा हात. जसं दिसलं तसं ती शिकली, त्या उलट्या हातानं, चोरून, दोन वर्षं.

बाहेर यायलाच पाहिजे होतं. मी आले आणि दोन्ही रुमाल ताटावर शेजारी ठेवले. सासूबाईंनी डागावर बोट फिरवलं, दुसऱ्यावर फिरवलं आणि मनगट सोडून दिलं.

जाऊबाईंनी कमरेची सुई काढून माझ्यापुढे ठेवली. "हे तुही आहे. एवढी नेली मी," त्या म्हणाल्या. "दोरा माह्या मायनं धाडला होता."

मग त्यांनी सासूबाईंपुढे डावा हात धरला. पहिल्या बोटावर सुई धरून धरून घट्टा पडला होता.

"पाहा आत्याबाई," त्या म्हणाल्या, "आता मीबी डावरीच झाली. आता तरी मले खोटी नका म्हणू."