सासूबाईंचं लुगडं आणि खरवस

हसणार नसाल तरच सांगते. बघा, आत्ताच हसताय!

आमचा शंभू पाच महिन्यांचा. गालावर लाल चट्टे, शीमध्ये रक्ताचा ठिपका. मी त्याला घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "गाईच्या दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे. बाळ अंगावर पितंय ना? मग तुम्हीही दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद करा."

बंद म्हणजे बंद! मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी जवळपास कर्फ्यूच लावला. नवऱ्याला, सचिनलासुद्धा कोरा चहा. चट्टे हळूहळू गेले आणि नेमक्या वैजापूरकडून सासूबाई आल्या. घरी म्हशी, हातात डबा, आणि लुगड्याला गोठ्याचा वास!

शंभूला घ्यायला त्यांनी हात पुढं केले तशी मी किंचाळलेच, "थांबा! आधी हात धुवा! लुगडं बदला!"

"अगं, मी काय दुधात भिजून आले व्हय?"

बिचारीनं लुगडं बदललं. मी वास घेतला. परत बदलायला लावलं. तरी मन धजेना. म्हटलं, लांबूनच बघा.

"नातवाला लांबून बघायला मी काय निवडणुकीतला पुढारी आहे का?" त्या पुटपुटल्या. पण दिवसभर दारातूनच चुटक्या वाजवत राहिल्या.

डब्यात खरवस होता. म्हैस व्याली होती ना! गूळ, वेलची... काय सांगू! त्यांनी विचारलंही, "तुला चालतंय का गं?"

आता मी बीएस्सी. "आई, ॲलर्जी गाईची आहे. हा म्हशीचा." सचिनला दोन वड्या दिल्या आणि बाकीचा डबा मीच चाटूनपुसून संपवला.

दुसऱ्या दिवशी शंभू रडून लाल, चट्टे परत, आणि तोच ठिपका! मग एकदम डोक्यात आलं.

"आई, खरं सांगा. बोटानं काही चाटवलंत ना?"

"बिरोबाची आण! तू हात लावू दिलास का मला? माझं बोट काय उडत गेलं का तिथं?"

सचिन म्हणाला, "अगं, आई तर दारातच होती."

"तू गप्प बस!"

दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी तक्रार नोंदवली, "डॉक्टर, आजीनं काहीतरी चाटवलंय!" सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. डोळ्यांत पाणी.

डॉक्टरांनी शंभूला तपासलं. "घाबरू नका, हे बरं होईल. तुम्ही काय खाल्लं होतं?"

"मी? काही नाही. पोळी, भाजी, वरण... आणि खरवस."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरवस कशाचा असतो, बाई?"

"म्हशीचा."

"म्हशीच्या दुधातलं प्रोटीन जवळजवळ तसंच असतं. तेही बंद. आणि हा तर चीक, त्यात प्रोटीन आणखीच जास्त!"

मला वाटलं, टेबलाखाली शिरावं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी इचारलं होतं, डाक्टरसायेब."

घरी आल्याबरोबर मी शंभूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा! तो त्यांचं नाक धरून खिदळायला लागला. मला भरून आलं. त्याचा गाल कुरवाळायला मी पुढं वाकले, तर सासूबाईंनी हात आडवा केला.

"थांब! आधी हात धू. ड्रेस बदल."

मी मुकाट्यानं बदलून आले. त्यांनी माझी ओढणी नाकाला लावली आणि मान हलवली.

"वेलचीचा वास येतोय. परत जा. तोवर लांबूनच बघ."