एकही खोट नसलेला समुद्र

"खोट सांगा! आधी खोट सांगा, चांगलं आम्ही मागून ऐकतो," माझा मोठा भाऊ फोनमध्ये ओरडत होता. ओरडत होता म्हणजे असा, की त्याला फोनची गरजच नव्हती. आमच्या नाशिक रोडच्या दुसऱ्या मजल्यावरून तो आवाज सरळ कोकणात उतरला असता. समोरच्या इमारतीत दोघांनी खिडक्या उघडल्या, आणि एकाने बहुतेक स्वतःच्या घरातली खोट आठवून लगेच बंद केली.

फोनच्या पलीकडे समुद्रकाठी तंबू भाड्याने देणारा कुणी सज्जन माणूस होता. त्याने नुसतं "नमस्कार" म्हटलं होतं.

हे सगळं चाललं होतं माझ्या बायकोसाठी. ती शाळेत गणित शिकवते. एक्केचाळिसाव्या वर्षी ती हट्टाने पोहायला शिकली. पुढे शाळेच्या सहलीत तिने एका मुलीला फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत येताना पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात सर्फिंग हा शब्द मिठासारखा रोजच्या जेवणात यायला लागला. मग तिचा उजवा गुडघा बोलायला लागला. डॉक्टरांनी दिवाळीच्या सुट्टीनंतरची तारीख दिली आणि सांगितलं, ऑपरेशन झालं की चाला, फिरा, पण उड्या मारणं आणि असल्या फळ्यांवर चढणं विसरा. तिने डॉक्टरांशी वाद घातला नाही. घरी येऊन मला म्हणाली, "मला एकदा लाटेवर उभं राहायचंय. एकदाच. मग गुडघ्याचं काय करायचं ते करा."

रजा, गाडी, औषधं, गुडघ्याचा पट्टा, सगळं तिनेच जमवलं. सहामाहीचे पेपर तपासायचे होते म्हणून एकच काम माझ्यावर टाकलं: कॅम्प निवडायचा. "लाटा बघा," ती म्हणाली. "बाकी काही बघू नका."

आणि मी भावाला बोलावलं. का बोलावलं, असं आज कुणी विचारलं तर मी त्या माणसालाच उलट विचारीन, की आमच्या घरात त्याला बोलावल्याशिवाय कधी काय ठरलंय? गाय, कूलर, जावई, सगळं त्याच्या नजरेखालून जातं. हा फ्लॅट घेताना तो न्हाणीघरात पालथा पडून फरशीचा उतार बघत होता आणि बिल्डर बाहेर घाम पुसत होता. चांदवडकडे त्याची कांद्याची शेती. तीस वर्षं त्याने बाजार समितीत व्यापाऱ्याला ट्रॉलीत हात खुपसून तळचा कांदा काढताना पाहिलंय. त्यामुळे त्याचा एकच धर्म: वरचा थर बघायचा नाही. मी मोबाइलवर समुद्राचे फोटो दाखवले तर त्याने ते बाजूला सारले. "हा वरचा थर हे," म्हणाला.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. 'आईला समुद्रावर तंबूत राहायचंय', एवढंच माझ्या मुलांच्या तोंडून त्याच्या कानावर गेलं होतं आणि मी ते तसंच राहू दिलं. लाटेचं कळलं असतं तर त्याने तंबूच काय, आमचा संसारच रद्द केला असता.

तर पहिला माणूस. खोट सांगा म्हटल्यावर बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "लाटा जरा जोरात असतात. आवाज तंबूपर्यंत येतो." भावाने फोनवर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "ऐकलं? विचारलं नसतं तर सांगितलं असतं का?" फोन बंद.

दुसरा म्हणाला, वारा असतो. वाऱ्याचं नाव भावापुढे काढायचं नाही. गेल्या वळवात त्याच्या कांदे साठवायच्या चाळीचा पत्रा उडाला तो तीन गावं ओलांडून एका गोठ्यावर जाऊन असा बसला, की त्या गोठेवाल्याने त्याला खिळे मारून टाकले. फोन बंद.

तिसरी एक बाई होती. म्हणाली, "आमच्याकडे लाट चांगली फुटते, पण शिकवायला माणूस आहे." मी मनात म्हटलं, हीच जागा. भावाने विचारलं, "काय शिकवायला?" आणि मी, जन्मभर थापा मारून हात बसलेला माणूस, घाईत म्हणालो, "पोहायला."

"पोहायला शिकवायला माणूस ठेवलाय म्हंजे लोक बुडत्यात," भाऊ म्हणाला. "नाय पायजे."

चौथ्याने मात्र बाजी मारली. "खोट? आमच्याकडे खोटच नाही साहेब. दोन्हीकडून डोंगर, वाऱ्याला आडोसा, गोड पाण्याची विहीर, आणि समुद्र तर असा शांत, की लहान मुलं नि म्हातारी माणसं बिनघोर उतरतात." भावाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. माझ्या मुलीला स्थळ आलं तरी तो इतका हळवा व्हायचा नाही. मी मधेच तोंड घालून विचारलं, "फळ्या आहेत का हो?" तो म्हणाला, "आहेत की. सहा." झालं. फळी आहे म्हणजे लाट असणारच, असा मी हिशेब केला. म्हणजे विहिरीवर पोहरा लटकलाय म्हणजे आत पाणी असणारच.

संध्याकाळी बायकोने पेपरांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता विचारलं, "लाटा?"

"फळ्या सहा आहेत," मी म्हणालो.

तिने हातातल्या पेपरवर बरोबरची खूण केली. ती खूण मला नव्हती, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शनिवारी पहाटे निघालो, दुपार कलली तेव्हा पोचलो. कॅम्पवाला हात जोडून उभा होता. त्याच्या मागे पाणी होतं. पाणी म्हणजे काय, आरसा. एक कावळा काठावर बसून त्यात भांग पाडत होता. पलीकडे एक म्हैस गळ्यापर्यंत बुडून रवंथ करत होती, आणि तिच्या रवंथाने जी काय हालचाल होत होती तेवढीच त्या दर्यात हालचाल. ती खाडी होती. सहा फळ्या झाडाला टेकवून ठेवल्या होत्या, बसून वल्हं मारायच्या.

"समुद्र कुठे आहे?" बायकोने विचारलं.

"हाच की, ताई," तो अभिमानाने म्हणाला. "एक लाट दाखवा."

मी रागावलो. आधी त्याच्यावर, मग डोंगरांवर, मग त्या म्हशीवर. भरलेलं भाडं, दहा तासांचा प्रवास, सगळं काढलं. बायको मात्र एका दगडावर बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "वर्गात मी पोरांना सांगते, सोडवायच्या आधी प्रश्न पूर्ण वाचा."

मग तिने स्वतःच कॅम्पवाल्याला विचारलं, इथून जवळ लाटा कुठे. त्याने तोंड वाकडं केलं. "ते खराब पाणी? डोंगरापलीकडं, दोन तास लागतात. एक बाई तिथं तंबू लावते."

तीच. तिसरी. बायकोने फोन लावला. रविवारी सकाळी शिकवणाऱ्याकडे एकच तास मोकळा होता, आणि दुपारी आम्हाला परत निघायचं होतं, सोमवारी ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या. तो एक तास तिने घेतला.

उजाडताना निघालो. डोंगर ओलांडला आणि आधी आवाज आला, मग लाटा. शिकवणारा पन्नाशीचा कोळी होता, कमी बोलणारा. त्याने एवढंच विचारलं, "ताई, दुखरा पाय कुठला?" आणि तिला वाळूवर चार वेळा फळीवरून उठवून बघितलं, दुखऱ्यावर भार येणार नाही असं. मग दोघं पाण्यात गेली.

ती पडली. परत पडली. नवव्यांदा पडली तेव्हा मी मोजणं सोडून देवाला नवस कबूल करायला लागलो. दर वेळी आधी फळी वर यायची, मग तिचं डोकं, आणि त्या मधल्या वेळात माझं वय एकेक वर्षाने वाढत होतं. त्या हिशेबाने मी आता एकशे सहाचा असायला हवा. पाऊण तास झाला होता.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"काय रे, पाणी शांत हे ना?"

काल दुपारपासून आवळून धरलेलं सगळं सुटलं. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून मी समुद्राकडे पाठ केली, कानावर हात धरला आणि सुरुवात केली. "शांत? दादा, तिथं म्हैस बसली होती."

"म्हैस बसती म्हंजे पाणी चांगलं," तो म्हणाला.

"अरे तिला लाट हवी होती. लाटेवर उभं राहायचं होतं तिला, म्हणून आलो आम्ही इथं."

"मग तसं सांगायचं ना. मला कुणी सांगितलं?"

मी आणखी मोठ्याने बोललो. खोट विचारण्याच्या त्याच्या पद्धतीपासून पालथं पडून उतार बघण्यापर्यंत सगळं बाहेर काढलं. तो मधेमधे "बरं", "हं", "लय बोलतो तू" एवढंच म्हणत होता. शेवटी कांद्याला पाणी धरायचंय म्हणून त्याने फोन ठेवला.

मी वळलो. बायको वाळूवरून लंगडत येत होती, केसांत वाळू, मागे तो कोळी फळी घेऊन. काठावरची दोनचार अनोळखी माणसं तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होती.

मी धावत गेलो. "काय झालं? उभी राहिलीस?"

तिने वेणी पिळली.

"राहिले," ती म्हणाली. "तुम्ही फोनवर होता."