मारेत्येच्या खिडकीच्या झडपा

आमच्या बेटावरच्या औडेस्खिल्ड गावात मारेत्येएवढी उतावळी बाई दुसरी नव्हती. चुलीवर वाटाण्याचं सूप ठेवलं की दर घडीला झाकण काढून बघायची. नवरा सैब्रांट अगदी उलटा. हाक मारली की जेवण होईस्तोवर 'काय गं?' येत नसे. असला माणूस युद्धनौकेवर तोफ कशी डागायचा, देव जाणे! घरात ही दोघंच.

त्या उन्हाळ्यात इंग्रजांशी जुंपलेली होती. आमची व्यापारी जहाजं एकटी निघायचीच नाहीत, ताफा करून, युद्धनौकांच्या पहाऱ्यात जायची. सैब्रांट 'करकोचा' नावाच्या युद्धनौकेवर होता. तिला निघताना पाणी मारेत्येनं आणि मी, आम्ही दोघींनीच दिलं. आमचा धंदाच तो. बेटावरच्या विहिरींचं लोखंडाच्या चवीचं पाणी पिंपांत भरायचं आणि होडीनं नांगरलेल्या जहाजांना पोचवायचं.

वाटेत समोरून इंग्रजांचा ताफा आला, तसाच पहाऱ्यात. मग काय, अख्खी सकाळ एकमेकांवर तोफा! शिडं फाटली, डोलकाठ्या मोडल्या, माणसं मेली, आणि दोन्ही ताफे आपापल्या घरी वळले. त्यांचा माल त्यांच्या बंदरात, आमचा माघारी. तरी आमच्याकडे चर्चच्या घंटा वाजल्या, जिन वाटली, म्हणे आपण जिंकलो! तिकडे इंग्रजही घंटाच बडवत असणार. 'करकोचा' मात्र परतताना बुडाली. तिच्यावरची माणसं ज्याला जमलं त्यानं उचलली, कोण कुठल्या जहाजावर याचा पत्ता नाही.

मारेत्येला घर खायला उठलं. जहाज दिसलं की होडी काढायची आणि खालून ओरडायची, "सैब्रांट आहे का रे? लाल दाढीचा!" वरून नकाराच्या माना हलायच्या.

"अगं, हात गळून पडले माझे," मी म्हणायची.

"मग उतर आणि जा पोहत!"

आमच्याकडे घरात कुणी गेलं की शेजारणीनं येऊन खिडक्यांच्या झडपा बाहेरून लावायच्या, ही रीत. मारेत्येची शेजारीण ट्राइन. कुणाच्या घरी कोण मेलं याची हिला भारी हौस. रोज कुंपणाशी येऊन उभी.

"लावू का गं आता? नवरा गेला आणि घर सताड उघडं. बरं दिसतं का?"

"हात लावून बघ, बोटं मोडीन!"

पण एका सकाळी आम्ही पाण्यावर असताना त्या बयेनं डाव साधलाच. दुपारी आम्ही धक्क्याला लागलो. बांधावर चढून मारेत्येनं घराकडे पाहिलं. झडपा बंद. तिच्या हातातली दोरी गळून पडली.

"बातमी आली, लाइस," एवढंच ती मला म्हणाली.

ती घरी गेलीच नाही. बातमी येते पाद्रीबाबांकडे, म्हणून चर्चकडे धावत सुटली, मी धापा टाकत मागे. चर्चमागच्या दफनभूमीत एक माणूस वाकून नव्या मातीचे ढिगारे बघत फिरत होता. हात गळ्यात बांधलेला, दाढी अर्धी जळालेली. पावलं वाजली तशी त्यानं मान वर केली.

"मारेत्ये? तू आहेस?" सैब्रांट म्हणाला. "मग आपल्या घरात मेलं कोण?"

"तू! तू मेलास, गाढवा!"

मासेमारांच्या होडीनं तो सकाळीच बेटाच्या दुसऱ्या टोकाला उतरला होता. घर बंद दिसलं. कुणाला विचारायचा धीर होईना, म्हणून बायकोचं थडगं शोधत बसला. मारेत्येनं त्याला आधी दोन गुद्दे घातले, मग त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मीही रडले, लाज कसली त्यात?

संध्याकाळी गुत्त्यात सगळे त्याच्या मागे लागले, "सांग ना, जिंकलं कोण?" दुसरा पेला संपल्यावर तो म्हणाला, "धूर फार होता."

दुसऱ्या दिवशी मारेत्येनं झडपा उखडल्या आणि होडीच्या तळाला ठोकल्या. हिवाळाभर त्या घरात वारा शिरला. पण हात बरा होताच सैब्रांट पुन्हा ताफ्याबरोबर निघाला. पाणी द्यायला पुन्हा आम्हीच. शेवटचं पिंप वर गेलं आणि मारेत्ये ओरडली, "या खेपेला मेलास तर स्वतः येऊन सांग! दुसऱ्या कुणाचं मी ऐकायची नाही!"

आम्ही वल्ही मारत पार धक्क्याजवळ आलो, तेव्हा कुठे मागून त्याचा आवाज आला, "बरं!"