करकर थांबली तेव्हा

मोरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अच्छाडला एका ढाब्यावर जुन्या स्पीकरांचा सौदा करत होतो. त्याची बायको एवढंच म्हणाली, "भावोजी, हे गेले... हार्ट अटॅक." सौदा तसाच सोडून मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा. आता दीड महिना झाला, पण माझा त्याच्यावरचा राग काही गेलेला नाही.

लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकर लावत लावत मी वर आलो आणि २०१४ साली तलासरीत स्वतःची रेकॉर्डिंगची खोली उभी केली. धाकटी डहाणूचा मोरेश्वर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून दिलं, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही त्यातलंच. फक्त आवाजात मधेच करकर यायची. मग तो तासन्तास बसून बफर कमीजास्त करी. बफर म्हणजे आवाज क्षणभर साठवायची जागा. लहान ठेवली तर आवाज तुटतो, मोठी केली तर गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो. शेवटी त्याने शोधून काढलं, की नेटचा डोंगल लावलेला असला की करकर वाढते. रेकॉर्डिंगच्या वेळी तो काढून ठेवायचा, असं त्याने मला बजावलं होतं. मी ओरडायचो, तो ऐकून घ्यायचा. मला घासाघीस करणारी माणसं कळतात. हा भांडायचाच नाही, आणि त्याचाच मला संताप यायचा.

२०१७ मध्ये त्याने जानकीमावशींना आणलं. त्या पाड्यावरच्या धवलेरी, लग्न लावणाऱ्या आणि लग्नाची गाणी म्हणणाऱ्या. त्यांची अट एकच: गाणं मधे तोडायचं नाही, पुन्हा म्हणणार नाही. त्यांनी सुरुवात केली आणि हेडफोनमध्ये करकर. थांबवायला मी हात वर केला, तो मोरेश्वरने धरून ठेवला. थोड्या वेळाने करकर थांबली, पण सुरुवात गेली ती गेलीच. गाणं संपल्यावर मी त्याला मावशींसमोर नको नको ते बोललो. "माझंच चुकलं, बफर लहान ठेवला," तो म्हणाला. नंतर वर्षभर मी त्याच्याशी धड बोललो नाही.

गेल्या आठवड्यात मावशींच्या मुलीने ते गाणं मागितलं, म्हणून फाईल उघडली. गाणं संपल्यावरही रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. माझा आरडाओरडा, दार आपटल्याचा आवाज... मग मावशी विचारतात, "मघाशी काय उपटलंस रं तिथून?"

"नेटचा डोंगल, मावशी. त्यानेच लावून ठेवलेला. नेटवर मिक्सरचा सौदा चाललाय ना त्याचा."

"मंग शिव्या तू कशाला खाल्ल्यास?"

"असू दे. ओरडला की मोकळा होतो तो. चूक कबूल करायला लावली, तर चार दिवस जेवणार नाही."

मावशी खळखळून हसतात. रिकाम्या खोलीत मी कॉम्प्युटरवरच ओरडलो, "मग सांगायचं ना, मोऱ्या!"

पुढे मावशी निघून जातात आणि मोरेश्वर एकटाच वायरी गुंडाळत तेच गाणं गुणगुणतो... पार बेसूर. आमच्यासमोर तो कधी गायला नाही. रोज सकाळी खोली उघडली की मी तेवढं ऐकतो. खरं तर ते त्याच्या बायकोचं आहे. पण तिला ऐकवायचं, तर डोंगल कुणी लावला होता ते आधी सांगावं लागेल. पेन ड्राइव्ह खिशात घालून दोनदा डहाणू स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. आता हे लिहून झालंय. छापायला देण्याआधी तिच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवणार आहे.